आम्ही दोघी जावा, आणि तिसरी

आम्ही दोघी जावा बेटेगावहून बोलतोय, थोरली आणि धाकटी. नावं सांगत नाही. गावात 'जावावाल्या' म्हटलं की पोरंसोरंसुद्धा घर दाखवतात. केंद्रावरच्या ताईंनी विचारलं, "लोणची-पापड झाले, बचत गट झाला, लसीकरण झालं. तुम्ही कशावर बोलाल?" आम्ही म्हटलं, "मोटारसायकलवर." ताई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "बोला, पण यंत्राचं फार नको." ते मात्र आम्हाला जमलेलं नाही, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या सासऱ्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. तारापूर एमआयडीसीत फिटर होते. कोणी पाहुणा आला की हमखास म्हणायचे, "माझ्या घरात तीन जावा. दोन मुलांनी आणल्या, एक मी आणली. आवाज फक्त तिसरीचाच." पाहुणा हसायचा. सासूबाई चहा ठेवता ठेवता म्हणायच्या, "आणि लाडही तिसरीचेच."

तर ही तिसरी म्हणजे जावा मोटारसायकल. २५० सीसीची, तपकिरी-लाल रंगाची. टाकीच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकायला काळे रबर, दिव्याच्या डोक्यातच बसवलेलं स्पीडचं घड्याळ, आणि एकाच इंजिनाला दोन बाजूंनी दोन सायलेन्सर. आरसी बुकात पहिली नोंद १९६७ ची. आप्पांनी ती १९७८ मध्ये डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीवाल्याकडून जुनीच घेतली. वाडीवाले इराणी होते. आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांमध्ये इराणी मंडळी पुष्कळ, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांनी गाडी देताना आप्पांना सांगितलं होतं, "ही आमच्या माणसांनी बनवलेली आहे, नीट ठेव." आप्पांना वाटलं, म्हातारा भाव वाढवायला काहीतरी सांगतोय.

पण ते खरंच होतं. जावा हे नाव मूळचं चेकोस्लोव्हाकियाचं. तिथल्या यानेचेक नावाच्या गृहस्थांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा कारभार घेतला. यानेचेकचा 'जा' आणि वांडररचा 'वा', झाली जावा. आपल्याकडे ती आणली रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी. आधी बाहेरून आणून विकत होते, मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला म्हैसूरला कारखानाच काढला, आयडियल जावा. पुढे १९७३ पासून त्याच कारखान्यातल्या गाड्यांवर येझदी हे नाव आलं. इराणमध्ये याझ्द नावाचं शहर आहे, आपल्याकडच्या कितीतरी इराणी घराण्यांचं मूळ तिथलं. म्हणजे म्हैसूरच्या गाडीवर इराणचं गाव आणि ती धावणार चिल्हारच्या रस्त्यावर. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. आप्पांनी त्या दिवशी सुतक पाळल्यासारखा चेहरा केला होता, थोरलीला चांगलं आठवतं. तिच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती आणि घरात कोण वारलं ते तिला कळेना.

आता थोडं यंत्राचं. या गाडीची एक गंमत आहे जी दुसऱ्या गाडीत दिसायची नाही. किक आणि गिअर यांची दांडी एकच. तीच दांडी आत दाबून मागे फिरवायची, की झाली किक. गाडी सुरू झाली की ती परत पुढे पाडायची, मग झाला गिअर. शिवाय गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो. चावी म्हणजे तर नुसती खुंटी, आत दाबायची. आप्पांची एकदा हरवली तेव्हा त्यांनी खिळा घासून चालवला, पुढे दोन वर्षं तोच खिळा चावी होता. चोराला गाडी नेणं काहीच अवघड नव्हतं, पण किक मारता येईल तर नेईल ना.

इंजिन टू स्ट्रोक. म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरमागे तीस-चाळीस मिली. आप्पांनी त्यासाठी खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण ठेवलं होतं, आणि नातवंडांना खोकला झाला की सासूबाई ते झाकण हुंगून बघायच्या. ऑइल जळतं, त्याची काजळी सायलेन्सरमधल्या नळीत साठते. महिना-दोन महिन्यांनी गाडी कुंथायला लागायची, की आप्पा ती नळी काढून थेट चुलीत घालायचे. भाकऱ्या चालल्या असल्या तरी. नळी लाल होईपर्यंत तापली की काजळी जळून झडते. घरभर वास सुटायचा. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणायच्या, "एक दिवस हिला ताटात वाढणार आहे." आम्ही दोघी नव्या असताना घाबरायचो. पुढे नळी काढायला पाना कुठला लागतो ते आम्हालाच तोंडपाठ झालं.

या गाडीवरून काय काय गेलं म्हणून सांगू. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ ला सुरू झालेलं, पाठोपाठ एमआयडीसी वाढत गेली, आप्पांची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची. रात्रपाळीहून येताना त्यांचा आवाज गावाच्या अलीकडच्या वळणावरूनच यायचा आणि सासूबाई चूल पेटवायच्या. धाकटीला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा पाऊस इतका होता की रिक्षा यायला तयार नव्हती. आप्पा पुढे, धाकटी मध्ये, थोरली मागे तिला धरून. तिघं एका गाडीवर बसणं कायद्याने चुकीचं आहे, हे आज रेडिओवर सांगायला हवं. त्या रात्री ते कोणाला सुचलं नाही.

पण चालवायची मात्र कोणी सांगितली नाही. पुसायची आम्ही, पुढे ढकलून उन्हातून सावलीत ठेवायची आम्ही, चालवायची पुरुषांनी. तेव्हा ते तसंच असतं असं वाटायचं. बाईची गाडी म्हणजे लुना. १९७२ मध्ये ती निघाली आणि कितीतरी शिक्षिका, नर्सबाई त्यावर शाळा-दवाखान्याला जायला लागल्या. नंतर कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की सुरू, गिअरच नाही. त्या गाड्यांनी बायकांवर उपकारच केले. पण त्यामुळे एक झालं की गिअरची गाडी ही पुरुषाची, हे पक्कंच होऊन बसलं.

आप्पा २०१५ मध्ये गेले. दहाव्यानंतर गाडी पडवीत लावली, वर गोणपाट टाकलं, झालं. दोघा मुलांकडे आपापल्या गाड्या होत्या. पहिल्या पावसाळ्यात चाकं बसली. दुसऱ्या पावसाळ्यात सीटखाली कोंबडीने अंडी घातली आणि तेव्हापासून ती तिची हक्काची जागा झाली. भंगारवाला दर महिन्याला डोकावायचा. म्हणायचा, "वहिनी, किलोवर लावतो, लोखंड चांगलं आहे." आम्ही नको म्हणायचो. का नको, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

आता मधलं एक प्रकरण सांगावं लागेल. ते सांगायला धाकटी आधी तयार नव्हती, कारण त्यात घरच्याच मुलाचं नाव निघतं. मग म्हणाली, सांगूया, दुसरीचं तरी वाचेल.

थोरलीचा मुलगा आयटीआय झालेला, फिटरच, आजोबांवर गेलेला. २०१९ मध्ये त्याने जुनी बुलेट घेतली. बुलेटचंही जावासारखंच, विलायतेत जन्मलेली आणि आपल्याकडे टिकलेली. मद्रासला १९५५ पासून ती जुळायला लागली, तिकडची मूळ कंपनी १९७० पर्यंत बंद पडली, इथली अजून चालू आहे. तर आमच्या मुलाने ती बुलेट 'मॉडिफाय' करायला घेतली. पहिल्यांदा सायलेन्सर बदलला. फाट-फाट-फटाक. गावातली कुत्री आणि तान्ही बाळं एकदम उठायची. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलीला ८० डेसिबलची मर्यादा ठरवलेली आहे, हे त्याला माहीत होतं. तरी लावला. ठिकठिकाणच्या पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो पेपरात आले, ते आम्ही त्याला दाखवायचो आणि तो हसायचा. मग त्याने मागचं मडगार्ड छाटलं. आणि मग साडीगार्ड काढलं.

साडीगार्ड म्हणजे काय, ते मैत्रिणींनो, आपल्याला सांगायला नको. मागच्या चाकाशेजारी डाव्या बाजूला ती जाळी असते. मुलांना ती कुरूप वाटते, 'अंकल लूक' म्हणतात. पण ती शोभेची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ नंबरचा नियम आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं निदान अर्धं चाक झाकेल असा आडोसा, या तीन गोष्टी मोटारसायकलला असल्याच पाहिजेत. आडोसा कशासाठी, तर मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. संबंध नियम बहुतेक आपल्यासाठीच लिहिलाय, आणि आपल्यालाच तो माहीत नसतो.

२०२१ ची दिवाळी. धाकटी त्या बुलेटवर मागे बसून बोईसरच्या बाजारात निघाली. एका बाजूला दोन्ही पाय, मांडीवर पिशवी, ड्रेसवर ओढणी. ओढणीचं टोक वाऱ्याने मागे गेलं. पुढचं तिला आठवत नाही. गळ्याला हिसका बसला एवढंच. नशीब की ओढणी नवी, गुळगुळीत होती, गाठ सुटली आणि ती बाजूला फेकली गेली. गळपट्टीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ओढणी सुटली नसती तर हाडाचं बोलतच बसलो नसतो.

आमचा मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. त्याला कोणी बोललं नाही. दोन महिने धाकटीच्या केसांना थोरलीने वेणी घातली. दोन दिवसांनी मुलाने साडीगार्ड परत बसवलं, आठवड्याने मडगार्ड आणलं, महिन्याने सायलेन्सर मूळचा लावला. म्हणजे आधी जेवढे पैसे काढायला गेले तेवढेच परत लावायला.

तेव्हाच आम्हाला या 'मॉडिफाय'चा कायदा कळला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे. कंपनीने गाडी जशी बनवून नोंदवली तिच्यापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दंडही आला, एकेका बदलाला पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आमच्या घरच्या बुलेटचा हिशेब केला तर पंधरा हजारांची गाडी रोज दारासमोर उभी होती.

म्हणून कोणी म्हणेल की गाडी हाताने घडवणं ही कलाच वाईट. तसं नाही. मुंबईच्या अक्षय वर्दे यांचं काम आमच्या मुलाने मोबाइलवर आम्हाला दाखवलंय. बुलेटवरून ते वेगळ्याच आकाराच्या गाड्या घडवतात, आणि नाव काय ठेवलं, तर 'वर्देंची'. कसं अगदी आपल्यातलं नाव, 'कोणाची गं ही?' 'वर्देंची.' पत्रा वाकवणं, टाकी ठोकून आकाराला आणणं, हे सोपं नाही. फिटरच्या घरात राहिल्यामुळे एवढं आम्हाला कळतं. मागचं साडीगार्ड काढून फेकणं आणि ही कारागिरी, यात फरक आहे एवढंच. आणि खरी 'कस्टम' गाडी बघायची असेल तर आमच्या बाजारात या. तिथे एक बाई बांगड्यांचं दुकान लावते. लहानपणी पोलिओ झालेला. तिची स्कूटर मागे दोन जादा चाकं लावलेली, काठी अडकवायला कडी, आणि पायाचा ब्रेक हातात आणलेला. अशा बदलाला कायद्यात जागा आहे, आरटीओची परवानगी काढून आरसीवर नोंद करून घेता येते. तिने करून घेतली आहे. कोणाच्या घरात गरज असेल तर नोंद न करता नुसती चाकं बसवू नका, विम्याच्या वेळी अडतं.

आता परत आमच्या जावेकडे.

२०१८ च्या नोव्हेंबरात जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आलं, आणि जुन्या जावांना एकदम भाव आला. पडव्या धुंडाळत माणसं फिरायला लागली. २०२२ मध्ये मुंबईहून एक जण आमच्या दारात आला. गोणपाट उचललं, कोंबडी फडफडली, आणि त्याचे डोळे चमकले. "साठ हजार देतो, आत्ता." आमच्या हातातला चहा तसाच राहिला. साठ हजार म्हणजे धाकटीच्या मुलीची कॉलेजची फी, आणि पुन्हा थोडे उरतात. नवरे दोघंही म्हणाले, देऊन टाका. थोरलीने सहज विचारलं, "चालवणार का तुम्ही?" तो म्हणाला, "नाही, बॉबर बनवणार." म्हणजे काय? तर मागची सीट काढायची, मडगार्ड छाटायचं, टाकी बदलायची, एकट्यापुरती सीट लावायची, काळा रंग मारायचा. धाकटीने विचारलं, "मग तुम्ही हिच्यातलं नेणार काय?" म्हणाला, "इंजिन. आणि नंबर."

धाकटीचा हात तेव्हा पुरता वर जात नव्हता. ती म्हणाली, "नाही द्यायची."

घरात आठवडाभर अबोला झाला, ते सविस्तर सांगत नाही. पैशाचं दुःख खरं होतं. शेवटी ठरलं की गाडी चालू करून दाखवायची, नाही झाली तर द्यायची. आणि खर्च आमच्या भिशीतून, नवऱ्यांकडे मागायचा नाही.

मुलाने सुट्टीच्या दिवशी कामाला हात घातला, आम्ही हाताखाली. टाकी आतून गंजलेली. तिच्यात डिझेल आणि मूठभर बारीक खडी घालून हलवायची असते. आम्ही दोघींनी ती पाळण्यासारखी दोन बाजूंना धरून पाऊण तास झुलवली, खांद्याच्या व्यायामासारखं, डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. काळंकुट्ट पाणी निघालं. असं पाच वेळा. पिस्टनच्या रिंगा गेल्या होत्या, त्या मुंबईहून मागवल्या. एक बुश कुठेच मिळेना, तो बोईसरच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर घडवून घेतला. तिथले म्हातारे मिस्त्री आप्पांना ओळखत होते, त्यांनी मजुरी घेतली नाही आणि दोन तास आप्पांच्या गोष्टी सांगितल्या, त्यात आमचा अर्धा दिवस गेला. क्रोमवरचा वरवरचा गंज काढायची युक्ती आमची. चकाकणारा फॉइल कागद, आपण पोळ्या गुंडाळतो तो, पाण्यात बुडवून घासायचा. पॉलिश पेपरने ओरखडे पडतात, याने पडत नाहीत. रंग मात्र मुलाला मारू दिला नाही. टाकीवर जिथे आप्पांचे गुडघे घासून मूळचा रंग उडालाय ते तसंच ठेवलं. एकूण एकतीस हजार चारशे रुपये लागले. हिशेब वहीत आहे.

पहिली किक बसली तेव्हा काही झालं नाही. दुसरी, तिसरी, काही नाही. मुलाने प्लग काढला, पुसला. घाम पुसला. मग म्हणाला, "काकी, तू मार." धाकटीने दांडी आत दाबली, मागे फिरवली आणि पाय टाकला. जो काय धूर निघाला! शेजारीण धावत आली, तिला वाटलं घर पेटलं. आणि त्या धुरात तो आवाज. डिंग-डिंग-डिंग. सासूबाई आता पंच्याऐंशीच्या आहेत, ऐकू कमी येतं. त्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आज लवकर सुटले?"

आम्ही कोणी काही बोललो नाही. त्यांना खुर्ची दिली. त्या बसून राहिल्या, गाडी बंद होईपर्यंत.

यानंतर कागद. इथे मात्र वही-पेन घ्या, कारण हे तुमच्याही घरात असणार. गाडी आप्पांच्या नावावर, आप्पा जाऊन सात वर्षं झालेली, आणि आरसी बुकाची मुदत २०१७ लाच संपलेली. मालक वारला की तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. त्याचा फॉर्म ३१ नंबरचा. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, आणि बाकी वारसांची हरकत नाही असं प्रतिज्ञापत्र. मेलेल्या माणसाच्या नावावरची गाडी मुलगा रोज चालवतो, असं आपल्याकडे कितीतरी घरी आहे. अपघात झाला की मग विम्याचे पैसे अडकतात आणि विधवा बाई कचेरीच्या पायऱ्या चढते. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंद पुढे चालू ठेवायचा फॉर्म २५ नंबरचा. त्याची मोटारसायकलीसाठीची फी एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाली होती. उशिराचा दंड वेगळा आणि पर्यावरण कर वेगळा. आता आकडे बदलले असतील, जाण्याआधी विचारून घ्या. आमच्या तीन फेऱ्या झाल्या. त्यातली एक आमच्याच चुकीने, मृत्यूचा दाखला घरी विसरलो म्हणून.

तिथे एकाने सुचवलं, गाडी पन्नास वर्षांवरची आहे, 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा. २०२१ पासून तशी सोय झालेली आहे. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, आणि गाडी मूळ रूपात असायला हवी. मान वाटतो ऐकायला. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्या, बस. थोरली म्हणाली, "म्हणजे देव्हाऱ्यातली." आम्हाला भाजीला जायचं होतं. साधीच नोंद केली, थोरलीच्या नावावर. पहिल्यांदाच या घरात गाडीच्या कागदावर बाईचं नाव आलं.

आणि लायसन्स. धाकटीकडे स्कूटीचं होतं. तिला वाटलं चालेल. चालत नाही. विनागिअरचं लायसन्स असलं तर गिअरची गाडी चालवता येत नाही, दोन वेगळे प्रकार आहेत. पुन्हा लर्निंग, पुन्हा परीक्षा. परीक्षेच्या दिवशी रांगेत सगळी अठरा-वीस वर्षांची मुलं आणि मध्ये ही बेचाळीस वर्षांची बाई. एका मुलाने विचारलं, "काकी, मुलाला घेऊन आलात?" ती म्हणाली, "नाही, जाऊबाईला."

पुण्यात २०११ मध्ये मुलींनी बायकर्णी नावाची बायकांची मोटारसायकल संघटना काढली, हे आम्हाला त्या रांगेतल्या एका मुलीने सांगितलं. गुढीपाडव्याला गिरगावात, डोंबिवलीत नऊवारी नेसून फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या बायका तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. आम्हाला बघायला आवडतं. पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यातल्या किती जणी त्याच गाडीने कामाला जातात, हे आम्ही एकमेकींना दरवर्षी विचारतो.

आमचं म्हणाल तर धाकटी आठवड्यातून दोनदा गाडी काढते. थोरली मागे. सीटवर एकीकडे पाय टाकून नाही, दोन्हीकडे टाकून, सलवार घालून, ओढणी कमरेला बांधून, हेल्मेट दोघींना. जुन्या गाडीला साडीगार्ड नव्हतं तर मुलाने तिच्या रंगाचं घडवून बसवलं आहे. नियमात तेच बसतं. धूर होतो, हे कबूल आहे. पीयूसी काढतो, ऑइल मोजून घालतो, उगीच फिरवत नाही. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी जमतात, तिथे यायचं आमंत्रण आहे. जाऊ की नाही ते भाताच्या लावणीवर.

मुंबईवाल्याचा मध्ये फोन आला होता. आता नव्वद हजार म्हणतो. आम्ही सांगितलं, गाडी आता थोरलीच्या नावावर आहे, तिला विचारा. थोरलीने फोन घेतला आणि म्हणाली, "घरी या, चहा घ्या, चक्कर मारून आणते." त्याला वाटलं, मुलगा आणेल. आला तेव्हा धाकटीने किक मारली, थोरली मागे बसली, आणि दोघी चिल्हार रस्त्याला जाऊन आलो. तो पडवीत उभा होता. कोंबडी त्याच्याकडे बघत होती. तिला आम्ही आता पाटीत पेंढा घालून दिलाय, पण रात्री ती अजून सीटखालीच जाते, आणि सकाळी किक मारण्याआधी तिला हलवावं लागतं.